घरच्या टीव्हीवर 'स्वीनी टॉड' : हसायचं की नाही?

कुळागर

मंडळी, नमस्कार.

गेल्या शनिवारी आमच्याकडे गोव्यात प्रियोळला सकाळपासून धो धो. बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. भावाने परदेशातून आणलेली 'स्वीनी टॉड'ची डीव्हीडी वर्षभर कपाटात पडून होती, ती लावली. सिनेमा नव्हे, नाटक. स्टीफन साँडहाइमचं संगीत, ह्यू व्हीलरची संहिता, हॅल प्रिन्सचं दिग्दर्शन. १९७९ मध्ये ब्रॉडवेवर आलं, आणि पुढे दौऱ्यावर असताना लॉस एंजेलिसच्या थिएटरात भरल्या प्रेक्षकांसमोर चित्रित केलं. ते १९८२ चं चित्रण आमच्या हाती लागलेलं. अँजेला लॅन्सबरी आणि जॉर्ज हर्न.

बघायला मी, आई (वय ७४) आणि मामा. मामांनी देवळातल्या उत्सवी नाटकांत चाळीस वर्षं तोंडाला रंग लावलाय, त्यामुळे ते नाटक बघत नाहीत, तपासतात.

गोष्ट थोडक्यात. लंडनचा एक न्हावी. त्याच्या बायकोवर डोळा ठेवून न्यायाधीशाने त्याला खोट्या आरोपात ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलेलं. पंधरा वर्षांनी तो नाव बदलून परत येतो. त्याच्या जुन्या खोलीखाली मिसेस लव्हेट नावाची बाई पाय विकते. मैद्याच्या पारीत मांस भरून भाजतात, ते पाय. मी आईला हे समजावत होतो. 'ही बाई पाय विकते.' आई म्हणाली, 'कुणाचे?' मी म्हटलं, 'अजून ठरलेलं नाही.'

पहिला अंक संपता संपता ते ठरतं. वर वस्तरा, खाली भट्टी, आणि कुठल्या धंद्यातल्या माणसाची चव कशी लागेल याचं दोघं मिळून गाणं म्हणतात. तिथले प्रेक्षक खो खो हसतायत. आमच्या घरात कोणी हसलं नाही. आई तायकिळ्याची भाजी निवडत बसली होती, तिचा हात तसाच ताटात राहिला. मामा टीव्हीकडे बघत होते, मी त्या दोघांकडे. आणि पडद्यावरून ते हसणं येतच होतं. मला खुनांपेक्षा त्या हसण्याचीच भीती वाटली.

(पुढे रहस्य फोडतोय. नाटक चाळीस वर्षांहून जुनं आहे, तक्रार चालणार नाही.)

दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे एक वेडी भिकारीण न्हाव्याच्या खोलीत शिरते. घाईत तो तिचाही गळा चिरतो आणि खुर्चीतून खाली सोडतो. नेमकी तेव्हाच वीज गेली. काळोखात पन्हळीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आई हळूच म्हणाली, 'ती ताची बायल न्ही रे?' (ती त्याची बायकोच ना रे?)

मामा म्हणाले, 'गप गो.' पाऊण तासाने वीज आली तोवर कोणी काही बोललं नाही.

तर प्रश्न असा : असलं काळंकुट्ट संगीत नाटक घरी तिघांनी बसून बघण्यात अर्थ आहे का? की ते चारशे माणसांत बसूनच बघायचं, म्हणजे शेजारचा हसला की आपल्यालाही हसता येतं?

शेवटची_रांग

तुमचा प्रश्नच तुमचं उत्तर आहे. चित्रित नाटक म्हणजे थर्मासमधला चहा. गरम असतो, चहाच असतो, पण झाकणाचा वास येतोच. पणजीच्या कला अकादमीत दिवे मंदावतात तेव्हा खोकणारी माणसं एकदम गप्प होतात, तो क्षण कुठल्या डीव्हीडीत आहे?

अबोली

शेवटची_रांग, मान्य. मग पणजी ते ब्रॉडवे थेट बस कितीला सुटते तेवढं सांगा, शेवटच्या रांगेचं तिकीट काढते.

म्हापशाची_मिरची

'अजून ठरलेलं नाही' ला साष्टांग दंडवत :ड

आता ख्रिसमसला शेजारून एम्पादा (आमच्याकडचे मांस भरलेले छोटे पाय) आल्या की मी आधी विचारणार, घरातले सगळे ठीक आहेत ना?

खाणवाट

मी हे नाटक कॉलेजात असताना मित्राच्या लॅपटॉपवर बघितलं. सुरुवातीला तो भोंगा वाजतो ना, कानठळ्या बसवणारा? आणि पुढे गळा चिरला की पुन्हा वाजतो. मित्र दचकला. मी दचकलो नाही, मला भूक लागली.

हसू नका. वडील डिचोलीकडे खाणीवर होते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की अर्ध्या तासात बाबा घरी, म्हणजे जेवण. भोंगा आणि ताट हे माझ्या डोक्यात एकत्रच आहे. त्यामुळे हे नाटक मला फक्त न्हाव्याचं कधी वाटलंच नाही. मागे तो सगळा कारखान्याचा सांगाडा आहे, लोखंडी तुळया, वर सरकणारा पूल, मळकी काच. नेपथ्यकार यूजीन ली याने ऱ्होड आयलंडमधल्या ओतशाळेचे खरे तुकडे आणून ते उभारलं होतं. माणसं खाऊन माल बाहेर काढणारं यंत्र आधीपासून चालूच आहे, टॉड आणि ती बाई फक्त एक नवा विभाग उघडतात.

२०१८ मध्ये खाणी बंद पडल्या. वडील अजून त्या वेळेला घड्याळ बघतात. असो, अवांतर झालं.

अबोली

खाणवाट, हे अवांतर नाही.

कुळागर

भोंग्याला आमच्या आईने 'कुकर कुणी लावला?' विचारलं होतं, ते लिहायचं राहिलं. उठून गॅस बघूनही आली.

हार्मोनियम

जरा लांबड लावतो, आधीच माफी.

आपलं संगीत नाटक कसं सुरू होतं? नांदी. देवाला हात जोडायचे, प्रेक्षकांना सांगायचं की आता खेळ मांडतोय. स्वीनी टॉडमध्येही सगळी नटमंडळी पुढे येऊन आपल्याकडे बघत गातात, या माणसाची गोष्ट ऐका म्हणून. रीतसर नांदी. फक्त आपल्या नांदीला गणपती येतो आणि तिथे थडग्यातून मढं उठतं.

दुसरं. त्या नांदीच्या स्वरांत एक जुनी लॅटिन चाल दडवलेली आहे, 'दिएस इरे', मृतांसाठीच्या मिसातली. साँडहाइमने ती मुद्दाम वापरली. मला हे पुस्तकातून कळलं नाही. आमच्या शेजारचे मेस्त चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे, सोल्फा म्हणजे पाश्चात्त्य सरगम शिकवायचे. मी हेडफोन न लावता ऐकत होतो, ते कुंपणापलीकडून म्हणाले, 'कोण मेलं रे तुमच्याकडे?' लहानपणी त्यांनी ती चाल प्रत्येक मयताला ऐकलेली. १९७० च्या सुमारास प्रार्थना लॅटिनमधून कोंकणीत आल्या आणि ती मागे पडली. मला तीनदा ऐकून सापडली नसती, त्यांना एका ओळीत कळली.

आणि कुळागर, तुमचा प्रश्न. आपली पदं कथा थांबवतात. नट पद म्हणतो, वन्समोअर मिळतो, पुन्हा म्हणतो, तोवर खलनायक विंगेत चहा पितो. इथे कथा गाण्यातच पुढे सरकते. न्यायाधीश खुर्चीत बसलाय, वस्तरा गळ्याशी आहे आणि दोघं सुंदर स्त्रियांवर इतकं गोड द्वंद्वगीत गातायत की आपण सुरात हरवतो. गाणं लांबतं आणि सूड हुकतो. असं ऐकायला घरचा सोफा वाईट नाही. उलट हवं तर मागे जाऊन पुन्हा ऐका.

शेवटची_रांग

मागे जाऊन?! नाटकात मागे जाता येत नाही हेच तर नाटक!

हार्मोनियम

वन्समोअर म्हणजे दुसरं काय असतं हो?

शेवटची_रांग

हा गुण तुम्हाला दिला.

पुणेरी_पाहुणा

गोव्यात मराठी नाटकाचा एवढा अभ्यास होतो हे वाचून आनंद झाला. आम्हाला वाटायचं तिकडे फक्त समुद्र.

पेडण्याचा_संकासूर

पाहुणे, मास्टर दीनानाथ मंगेशीचे. तुम्ही त्यांची नाट्यगीतं ऐकता तेव्हा समुद्रच ऐकत असता म्हणा. बसा, सोलकढी घ्या.

पडद्यामागचा

तांत्रिक बाजू. नाटक चित्रित करताना कॅमेरा कुठे नेला यावर सगळं असतं. या चित्रणात तो चेहऱ्याच्या खूप जवळ जातो. लॅन्सबरीचे डोळे बघा, न्हावी मेलेल्या माणसाचं काय करायचं या विवंचनेत असतो आणि तिच्या डोळ्यांत हिशोब सुरू झालेला असतो. पंधराव्या रांगेतून हे दिसणं शक्य नाही. उलट बाजू अशी की जवळून रक्त रंगाचं आहे हेही दिसतं.

यावरून आठवलं. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात रक्त म्हणजे कुंकू आणि खोबरेल, फुग्यात भरून सदऱ्याच्या आत. एका वर्षी मारेकऱ्याचा लाकडी सुरा फुग्याला लागेचना. दोनदा मारला, तिसऱ्यांदा मारला. शेवटी मरणाऱ्याने स्वतःच फुगा फोडला आणि 'दगा!' म्हणून पडला. लोक इतके हसले की पुढचं शोकाचं पद त्याच्या बायकोला सुरूच करता येईना. ती प्रेतावर डोकं ठेवून रडल्यासारखी हलत होती, प्रत्यक्षात हसत होती. प्रेतही हलत होतं.

घरी बघणाऱ्यांसाठी : दिवे घालवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, टीव्हीचा आवाज साध्या स्पीकरमधून तरी काढा, आणि मध्यंतर घ्या. खरंच उठून चहा करा. एकशे चाळीस मिनिटांच्या आसपास आहे, सलग रेटलं तर दुसऱ्या अंकात डोळे मिटतात.

म्हापशाची_मिरची

प्रेतही हलत होतं!! हसून हसून पुरेवाट. ऑफिसात आहे हो मी.

तियात्रवेडा

घरी चित्रित नाटक बघायची सवय गोव्याला नवी नाही. आमच्याकडे तियात्रांच्या, म्हणजे कोंकणी गाण्याच्या नाटकांच्या, सीडींची आख्खी फळी आहे. मुंबईत १८९२ मध्ये पहिलं तियात्र झालं, तेव्हापासून रीत अशी की पडदा पडला की मधे कांतार. एक जण पुढे येतो आणि गोष्टीशी संबंध असो नसो, सरकारपासून सुनेपर्यंत सगळ्यांना गाण्यात धुतो. आत्ताच मंचावर आई मेलेली असते आणि इथे लोक टाळ्या देत हसतात. पुन्हा पडदा उघडतो, आई मेलेलीच असते. आमच्या आजीला यात कधी काही विचित्र वाटलं नाही. रडायचा रुमाल हसताना तोंडावर धरायलाही चालायचा.

त्यामुळे 'काळं' आणि 'संगीत' एकत्र कसं, हा प्रश्नच मला पडत नाही.

शेवटची_रांग

तियात्रवेडा यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आणि आपणही काही कमी नाही. 'एकच प्याला' आठवा, १९१९ चं. गडकऱ्यांची संहिता, पदं मात्र वि. सी. गुर्जरांची. दारूपायी संसाराची राख, लहान मूल जातं, सिंधू जाते. यापेक्षा काळं काय असतं? आणि त्यातच तळीराम. त्याच्या मदिरा मंडळाला लोक पोट धरून हसतात, आणि सुधाकराच्या हातात पहिला प्याला देणारा तोच. आपण ज्याला टाळ्या दिल्या त्यानेच घर बुडवलं.

मग १९७२ चं 'घाशीराम कोतवाल'. तेंडुलकर, जब्बार पटेल, भास्कर चंदावरकरांचं संगीत. बामणहरींची ती रांग, गात डोलत उभी असलेली माणसांची भिंत. शेवटी घाशीरामला लोक ठेचतात आणि नाना फडणवीस उत्सवाचं फर्मान काढतो. पुढे पुलंनी जर्मन नाटककार ब्रेख्तवरून 'तीन पैशाचा तमाशा' केला तोही जब्बारांनीच बसवला. आपल्याकडे हा माल होता. म्हणून तर म्हणतो, हे माणसांत बसून बघायचं. घाशीरामच्या वेळी मी टाळ्या वाजवल्या आणि क्षणभराने लक्षात आलं की मी नानासाठी टाळ्या वाजवतोय. शेजारचाही थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. हे सोफ्यावर होत नाही.

पेडण्याचा_संकासूर

दशावतारात लहान मुलं संकासुर राक्षसाला घाबरून रडतात आणि तो गेला की परत बोलवा म्हणून रडतात. माझं म्हणणं संपलं.

लंडनस्थ

मूळची मडगावची, सध्या इकडे. २०१४ मध्ये लंडनच्या टूटिंगमधल्या एका जुन्या खऱ्या पायच्या दुकानात या नाटकाचे प्रयोग झाले होते. प्रेक्षक दुकानाच्या बाकांवर, नट टेबलांवर. माझी मैत्रीण जाऊन आली. म्हणाली, हसायला आलं तरी तोंड उघडायची भीती, न्हावी हातभरावर. म्हणजे शेवटची_रांगवाले म्हणतात तशी गर्दीही नको, मूठभर माणसं पुरतात.

ज्यांना १९८२ ची जुनी प्रत धूसर वाटते त्यांनी २०१४ ची न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची बघा. ब्रिन टर्फेल आणि एमा थॉम्पसन. सुरुवातीला सगळे सभ्यपणे वह्या समोर ठेवून गायला उभे राहतात आणि मग वह्या भिरकावून देतात. पुढचं सांगत नाही.

२००७ चा सिनेमा आधी बघू नका. चांगला आहे, पण त्यात कोरसचं गाणं काढून टाकलंय. म्हणजे हार्मोनियम यांची नांदीच गेली.

म्हापशाची_मिरची

ते धंद्यांच्या चवीचं गाणं इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर उभं आहे, मराठीत आणणं अशक्य. पण आपली यादी आपण करू शकतो. घ्या :

तलाठी : एक-चौदा (आमचा सातबारा) वेळा उकळला तरी कच्चाच.

तियात्रवेडा

रस्त्याचा कंत्राटदार : वरून पापुद्रा झकास, पहिल्या पावसात आत खड्डा.

पेडण्याचा_संकासूर

आमदार : तव्यावर टाका, उलथनं लागत नाही.

खाणवाट

_/\_ संकासूर जिंकला. धागा बंद करा.

अबोली

थांबा, थांबा. जुना भाटकार (जमीनदार) : चरबी भरपूर, पण आजोबांच्या वेळची. बिल्डर : एकच पाय चार गिऱ्हाइकांना विकलेला.

पडद्यामागचा

हौशी नट : शिजला तरी ताटातून एक्झिट घेत नाही.

शेवटची_रांग

समीक्षक : रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, कडूपणा जात नाही. (हा मी स्वतःच, कोणी श्रम घेऊ नका.)

पुणेरी_पाहुणा

पुणेकर : दुपारी एक ते चार मिळणार नाही.

म्हापशाची_मिरची

पाहुणे आता घरचे झाले!

अबोली

एक गंमत लक्षात आली का? परवा कुळागर विचारत होते की माणसं भाजण्यावर लोक हसतात कसे. आणि आज आपण सगळे रांगेने उलथनं घेऊन उभे आहोत. कोणी एकमेकांच्या शेजारी बसलेलंही नाही. मी स्वयंपाकघरात, मिरची ऑफिसात, पाहुणे पुण्यात.

शेवटची_रांग

हम्म.

हार्मोनियम

शेवटची_रांग यांचा 'हम्म' वाचनखूण म्हणून साठवला आहे.

शेवटची_रांग

थांबा, शरणागती नाही. इथे एकाने सुरुवात केली म्हणून दुसरा हसला. म्हणजे माणसं लागलीच की. कुळागरच्या घरी सुरुवात करणारं कोणी नव्हतं. आई भाजी निवडत होत्या आणि मामा तपासत होते.

कुळागर

धाग्यावर चार दिवस नव्हतो, कारण प्रयोग करत होतो.

तुमचं सगळं वाचून काल पुन्हा लावलं. या वेळी शेजारची दोन घरं बोलावली, लहानमोठे धरून अकरा जण. पोरं न्हाणीघराकडच्या खोलीत कॅरम खेळायला पाठवली. दिवे घालवले, भाच्याचा स्पीकर जोडला. पडद्यामागचा यांच्या सांगण्यावरून मध्यंतरही ठेवलं, आईने बटाटवडे केले होते.

हार्मोनियम, नांदीला मी मामांना मुद्दाम विचारलं, ही चाल ओळखीची वाटते का? म्हणाले, 'चाल नाही, पण उभे कसे राहिलेत बघ, एकाचीही पाठ प्रेक्षकांकडे नाही.'

गाणं आलं. मी अर्थ सांगायच्या फंदात पडलो नाही, फक्त संकासूर यांचा आमदार सांगितला. शेजारचे काका फुटले. मग काकी. मग आई. आईचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं, ती पदराने डोळे पुसत होती. आणि मजा म्हणजे पडद्यावरच्या प्रेक्षकांचं हसणं या वेळी ऐकूच आलं नाही. आमच्यात बुडालं.

पण दुसऱ्या अंकात भिकारीण पुन्हा कटोरा घेऊन आली तेव्हा आई एकटीच गप्प झाली. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, आम्हा तिघांनाच होतं. शेजारच्या काकी त्या वेडीच्या चाळ्यांना हसल्या. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला, नुसता. काकींना वाटलं असेल वडा हवाय का विचारतेय.

या वेळी वीज गेली नाही. भट्टीच्या उजेडात तो तिचा चेहरा बघतो, तिथपर्यंत सगळं झालं. शेवटी टॉड आपल्याकडे बघत लोखंडी दार आपटतो. काळोख. तिकडचे प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले, आमच्याकडे कोणी हलेना. मग मामांनी एकट्याने टाळी सुरू केली, टीव्हीकडे बघून, उभं राहून.

अबोली

काकींना कळल्यावर काय म्हणाल्या?

कुळागर

आईला म्हणाल्या, 'तुला ठाऊक होतं आणि तू मला हसू दिलंस?' आई म्हणाली, 'मागच्या खेपेला मी सांगितलं तर हा मला गप म्हणाला.'

म्हापशाची_मिरची

आणि वडे? मध्यंतरात खाल्ले कुणी?

कुळागर

मध्यंतरात एकानेही हात लावला नाही. दार आपटल्यावर आई म्हणाली, 'आता मेली ती सगळी, निवतायत खा.' पाच मिनिटांत ताट रिकामं.